शंभर वाल आणि डबीभर गुंजा

पेणच्या आमच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपच्या डाव्या अंगाला स्टीलची एक वाटी असायची आणि तिच्यात मोजून शंभर वाल. कडवे वाल, बिरड्याला लागतात तेच. वाटीशेजारी कुंकवाची जुनी पितळी डबी, आणि तिच्यात गुंजा. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं हे पाहून आपापला अंदाज बांधायची. निम्म्यांना वाटायचं बाई जोडधंदा म्हणून सोनारकाम करतात, निम्म्यांना वाटायचं बाई दृष्ट काढतात. बाई दोघांचाही गैरसमज दूर करत नसत. "बसा, दहा मिनिटं लागतील," एवढंच म्हणत.

बाई म्हणजे आमच्या लॅबच्या डॉक्टर. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं टेक्निशियन होते. मी रोह्याची सून, रोज मेमू गाडीने पेणला यायची आणि मेमूनेच परत जायची. बाई त्याआधी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात होत्या. पोटातल्या बाळाभोवती जे पाणी असतं, त्या गर्भजलात काय काय सापडतं हे शोधण्यात त्यांनी तिथे वीस वर्षं घालवली होती. ते सगळं सोडून पेणच्या एका पिठाच्या गिरणीवर, दोन खोल्यांत लॅब का थाटली, हे कोणालाच कळलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "तिकडे पार्किंग मिळत नव्हतं." त्यांच्याकडे गाडी नव्हती. सायकलसुद्धा नव्हती.

वालांचं कारण मात्र सरळ होतं. रक्ताची स्लाइड पाहताना शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या असतात, आणि त्या कुठल्या जातीच्या किती, हे वेगळं करायचं असतं. त्यासाठी बटणांचं यंत्र मिळतं. बाईंकडे ते होतं, पेपर उडू नयेत म्हणून. "बटण दाबलं की दाबलं," त्या म्हणायच्या. "वाल परत उचलता येतो." डोळे मायक्रोस्कोपला लावलेले, हात वाटीत. एक पांढरी पेशी दिसली की एक वाल उजवीकडच्या तीन वाट्यांपैकी एकीत. जंतू गिळून साफसफाई करणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यांना त्या झाडूवाल्या म्हणत, आणि त्यांची वाटी सगळ्यांत जवळ. गुंजा होत्या नवजात बाळांसाठी. बाळाच्या रक्तात काही लाल पेशी अजून कोवळ्या असतात, त्यांच्या पोटात बी, म्हणजे केंद्रक, असते. मोठ्या माणसाच्या लाल पेशीत ती उरत नाही. तशी कोवळी लाल दिसली की एक गुंज. वाल चपटा, गुंज गोल, बोटांना न बघता कळतं. अडचण अशी होती की आमचं मशीन जुनं होतं आणि त्याला बी दिसली की ती पेशी पांढरीच वाटायची. कोवळ्या लाल पेशींनाही ते पांढऱ्यांत धरायचं. म्हणून बाळाचं रक्त आलं की मशीनचा आकडा कागदावर चढवायचा नाही, आधी हाताने मोजायचं, गुंजांच्या हिशेबाने तो आकडा खाली आणायचा, आणि मगच सही. लॅबमधला हा एकच नियम भिंतीवर लावलेला नव्हता. बाकीचे सगळे लावलेले होते आणि ते कोणी पाळत नसे.

दुसरा हट्ट म्हणजे तान्ह्या बाळाच्या रिपोर्टवर त्या 'नॉर्मल' हा शब्द लिहू देत नसत. "नऊ महिन्यांत ज्याच्या रक्ताने तीन घरं बदलली, त्याला नॉर्मल काय म्हणतेस?" ही तीन घरं त्यांच्या तोंडून पेण आणि रोहे या दोन्ही तालुक्यांतल्या पोटुशा बायकांनी ऐकली असतील. बाळाचं रक्त आधी गर्भाच्या शेजारी लोंबणाऱ्या एका इवल्या पिशवीत तयार होतं, मग लिव्हरमध्ये, आणि शेवटी हाडांच्या पोकळीत. बाई दर गुरुवारी आणि शुक्रवारी रोह्याच्या एका प्रसूतिगृहात जात. तिथे बाकावर बसलेल्या बाईला विचारत, "कितवा?" ती म्हणे पाचवा. "म्हणजे मुक्काम अजून लिव्हरमध्येच. सातव्यानंतर सामान हलेल." बायकांना हे आवडायचं. पुढच्या खेपेला त्याच विचारायच्या, "म्याडम, पोराचं रगात गेलं का हाडांत?"

खांबकडच्या एका वाडीवरून आलेली बाई एकदा हे सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजी आमच्यावानीच की. पावसाला वाडीव, मंग शेताव, मंग भट्टीव." ती दरवर्षी घरादारासकट वीटभट्टीवर जायची. बाईंनी खिशातून छोटी वही काढली आणि ते वाक्य तसंच्या तसं उतरवून घेतलं. त्या वहीत अशीच वाक्यं होती. मोठमोठ्या पुस्तकांतलं त्या काही टिपत नसत, ते त्यांना पाठच होतं.

पेशींना हलायचं कधी आणि वाढायचं किती, हे कोण सांगतं, हा त्यांच्या आयुष्याचा विषय. पुस्तकात त्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात, बाई सांगावा म्हणत. एक सांगावा येतो, लाल पेशी वाढवा. त्याचं नाव एरिथ्रोपोएटिन. दुसरा येतो, झाडूवाल्या वाढवा. त्याचं नाव फारच लांब आहे, म्हणून नुसतं जी-सीएसएफ. "आणि गंमत बघ," स्लाइडवर तेलाचा थेंब सोडता सोडता त्या सांगत, "नाव रक्ताचं, पण हेच सांगावे गर्भजलात सापडतात. बाळ ते पाणी गिळतं. त्याची आतडी त्यावर पोसतात असं आम्हाला वाटत होतं. जन्मल्यावर तेच आईच्या चिकाच्या दुधातून पोटात जातात." त्यामुळे पहिलं दूध पिळून टाकणारी सासू किंवा आई भेटली की बाईंचा पारा चढे. "वीस वर्षं मी ज्याच्या मागे होते ते तुम्ही मोरीत ओतताय!" समोरच्या बाईला यातलं पहिलं अर्धं कळत नसे, पण ओतणं थांबायचं.

आता त्या आठवड्याचं सांगते. ते सांगायचं म्हणजे मला स्वतःबद्दल चांगलं काही सांगता येणार नाही.

लॅबमध्ये झाडलोट करायला एक मावशी होत्या. बुधवारी संध्याकाळी बाई रोह्याला जायची पिशवी भरत होत्या आणि मावशी टेबल पुसत होत्या. नव्या हंगामाचे वाल नुकतेच वाटीत आलेले. ते बघून मावशींचा जीव तुटला. एवढे चांगले वाल नुसते हाताळून वाया चाललेत, दोन महिन्यांत किडतील. बाई दोन दिवस नाहीत, तोवर बिरडं होईल, शनिवारच्या आत बाजारातून दुसरे शंभर आणून ठेवू, असा त्यांनी विचार केला. वाल भिजत पडले आणि दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून इनक्युबेटरवर ठेवले गेले, कारण तिथे ऊब असते आणि मोड चांगले येतात. यात कसलाही चोरटेपणा नव्हता. मोड आल्यावर मला डबा देणार होत्या.

गुरुवारी सकाळी पेणच्याच एका प्रसूतिगृहातून तीन दिवसांच्या मुलीचं रक्त आलं. आईला शेवटच्या दोन महिन्यांत बीपी चढलेलं, हातापायांना सूज, बाळंतपण जवळजवळ महिनाभर आधी. मुलगी दोन किलोची. मशीनने पांढऱ्या पेशी अठरा हजार दाखवल्या. तान्ह्या बाळाला हा आकडा शोभतो, त्यात डोळ्यांत भरण्यासारखं काही नव्हतं. मी स्लाइड केली, रंगवली, आणि मोजायला बसले तर वाटी रिकामी.

कागदावर रेघा मारून मोजता आलं असतं. पेपरांवरचं बटणांचं यंत्र उचलता आलं असतं. खरं सांगायचं तर वाल नाहीत याचा मला आनंद झाला. त्या दिवशी रोह्याला माझ्या नणंदेला बघायला पाहुणे येणार होते आणि मला एकची मेमू गाठायची होती. मी मशीनचा आकडा कागदावर घेतला, बाई नसतील त्या दिवसांसाठी त्यांनी आधीच सही करून ठेवलेले कागद असायचे त्यांतल्या एकावर, आणि पाठवून दिला. स्लाइड नेहमीप्रमाणे ट्रेमध्ये ठेवली. मेमू मिळाली. पाहुण्यांना नणंद पसंत पडली नाही.

शनिवारी सकाळी बाई आल्या. आल्या आल्या ट्रेमधल्या सगळ्या स्लाइडी पाहायची त्यांची सवय, रिपोर्ट गेलेला असो वा नसो. तिसऱ्या की चौथ्या स्लाइडवर त्यांचा हात वाटीकडे गेला आणि रिकामा परत आला.

"वाल कुठायत?"

मावशींनी फडकं पुढे केलं. मोड आलेले, निम्मे सोललेले. मला वाटलं आता बाई ओरडणार. त्यांनी फडकं सोडलं, वाटीत ओतलं आणि डोळे न उचलता मोजायला सुरुवात केली. भिजलेला वाल बुळबुळीत असतो. दोन टेबलाखाली गेले, एक माझ्या चपलेत. मावशी ते शोधून देत होत्या. आणि मी पाहत होते ती डबी. एका वालामागे एक गुंज, दोन गुंजा, तीन. डबीत बहात्तर गुंजा होत्या, मीच मागे मोजल्या होत्या. अर्धे वालही सरले नव्हते तर बाईंची बोटं डबीच्या तळाला लागली.

"गुंजा संपल्या," बाई म्हणाल्या. अकरा वर्षांत हे वाक्य मी एकदाच ऐकलं.

मोजून झालेल्या गुंजा परत डबीत ओतल्या आणि पुढे मोजलं. पुन्हा संपल्या, पुन्हा ओतल्या. शंभरावा वाल पडला तेव्हा डबी तीनदा रिकामी झाली होती, आणि झाडूवाल्यांच्या वाटीत नऊ वाल होते. मशीनने मोजलेले अठरा हजार म्हणजे बहुतेक कोवळ्या लाल पेशी. खऱ्या पांढऱ्या सहा हजारांच्याही आत, आणि त्यांतल्या कामाच्या शंभरात नऊ. कोणताही साधा जंतू आला तर त्या पोरीकडे त्याला आवरायला जवळजवळ कोणी नव्हतं. बाईंनी प्रसूतिगृहात फोन लावला. रिपोर्ट चांगला, दूध पिते आहे, घरच्यांना घाई होती, म्हणून काल सोडलं, असं उत्तर आलं.

"तू मोजलं होतंस?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"चप्पल घाल."

त्या एवढंच बोलल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

वडखळपर्यंत आम्ही मिनिडोरने गेलो, सहा माणसांच्या जागेत नऊ. तिथून खाडीकडे आत दुसरी रिक्षा. दोन्ही बाजूंना मिठागरं, मधे खाऱ्या पाण्याला अडवणारे मातीचे बांध. मुलगी तिच्या आईच्या माहेरी होती. पहिलं बाळंतपण, म्हणून. दारात आजी भेटली. तिची उमर मिठागरात गेलेली, पायांच्या टाचा मिठाने फाटून पांढऱ्या झालेल्या. आत एका पाटावर पूजा मांडलेली दिसली. त्या दिवशी मुलीची पाचवी होती.

बाईंनी सरळ सांगितलं, मुलीला आत्ता पेणला बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला हवं, काचेच्या पेटीत ठेवायला हवं.

"आज नाय," आजी म्हणाली. "आज पाचवी हाय. सटवाय येल, पोरीच्या कपाली लिवून जाल. तवर उंबरा नाय ओलांडू द्याची. उद्या सकाली न्या."

"उद्यापर्यंत थांबता येणार नाही."

"कालच तं दाक्तर बोल्ला का बरी हाय. कागद दिला."

बाई जमिनीवर बसल्या. मला वाटलं आता तीन घरं निघणार, पण त्यांनी थोडक्यात सांगितलं. हिच्या आईचं बीपी वाढलेलं होतं. पोटात पोरीला श्वास पुरत नव्हता. तेव्हा अंगातून एकच सांगावा सुटला, लाल वाढवा, लाल वाढवा. सगळी कामाला लागली ती लाल पेशी करायला. साफसफाईवाल्यांकडे बघायला कोणी उरलंच नाही.

दाराबाहेर मिठाचे ढीग दिसत होते, आजी तिकडे बघत होती. मग म्हणाली, "अवकाली आभाल आला का सगली मीठ ओढाया धावतान. नि बांधाव कोन नाय."

"हेच," बाई म्हणाल्या. त्यांचा हात खिशातल्या वहीकडे गेला आणि तिथूनच मागे आला.

"नि भरती आली तं?"

"म्हणूनच आलोय."

आजी उठून पाटापाशी गेली. सटवाईने लिहावं म्हणून पाचवीच्या पूजेत कोरा कागद आणि पेन ठेवतात. पाटावर हळदकुंकू, दिवा, आणि एका कागदावर आडवं पेन होतं. कागद मला ओळखीचा वाटला. घरात कोरा कागद मिळाला नाही, तेव्हा त्यांनी माझा रिपोर्ट पालथा घालून ठेवला होता. पाठीमागून तो कोराच होता.

बाईंनी तो उचलला, सरळ केला आणि पेन माझ्या हातात दिलं. "तू लिहिलंस. तू खोड."

मी अठरा हजार खोडले. शेजारी खरा आकडा लिहिला, खाली झाडूवाल्यांचा, त्याखाली माझं नाव. मग आजीला म्हणाले, "आजी, चूक माझी आहे. मी मोजलंच नव्हतं." बाळंतीण भिंतीला टेकून बसली होती, ती रडायला लागली. मला तिच्याकडे बघवेना. आजी रडली नाही. तिने कागद घेतला, वाचता येत नव्हतं तरी खोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि पुन्हा पाटावर ठेवला.

"लिवून झाला," ती घरातल्यांना म्हणाली. "आता काडा पोरीला भायेर." आणि मला, "तू बी चल गो. लिवनारीनं संगती राहाचा."

त्याच रात्री मुलीला ताप भरला. पेटीत होती, सलाइन लावलेलं होतं, औषध वेळेवर सुरू झालेलं होतं. उशीर झाला असता तर काय, हे बालरोगतज्ज्ञांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या सांगाव्याचं, म्हणजे झाडूवाल्या वाढवणाऱ्या जी-सीएसएफचं इंजेक्शन मिळतं. ते द्यावं की नाही यावर बालरोगतज्ज्ञ आणि बाई फोनवर पाऊण तास वाद घालत होते. शेवटी ठरलं की आणखी दोन दिवस वाट पाहायची, पोरीचं शरीर स्वतःचा सांगावा धाडतंय का ते मोजायचं. बाईंनी एकच अट घातली, की आईचं दूध बंद करायचं नाही, थेंबाथेंबाने का होईना, नळीतून जात राहिलं पाहिजे.

मोजायचं मी. वाटीत नवे वाल आले होते, मावशींनी स्वतः निवडून आणलेले, एकाही वालाला डाग नाही. आजी दर खेपेला रक्ताच्या बाटलीमागोमाग जिना चढून यायची आणि स्टुलावर बसायची. लॅबमध्ये नातेवाइकांना बसू देत नसत, पण बाईंनी तिला एकदाही उठवलं नाही. कागद तिला वाचता येत नव्हता. वाट्या वाचता येत होत्या. सोमवारी डबी एकदाच रिकामी झाली आणि वर अठरा गुंजा पुन्हा लागल्या. जवळच्या वाटीत चौदा वाल. "लाल उतारला," आजी म्हणाली. बुधवारी गुंजा वीस-बावीस, त्या वाटीत सव्वीस. इंजेक्शनचा विषय मागे पडला. शुक्रवारी चार गुंजा. ताप गेला होता. मी मोजत असताना आजी श्वास रोखून बसायची आणि गुंज पडली की तिचा सुस्कारा मला मागून ऐकू यायचा, त्यामुळे मला मायक्रोस्कोपवरून डोळा काढायची हिंमत होत नसे. या आठवड्यात माझ्या किती मेमू चुकल्या, ते सासूबाईंना पाठ आहे.

रविवारी लॅब बंद असते. बाईंनी उघडायला लावली. मी बसले, मोजलं, शंभरावा वाल टाकला आणि डोळे वर केले. झाडूवाल्यांच्या वाटीत चाळीसच्या वर होते. आजी स्टुलावरून उठून टेबलाशी आली. तिने आधी त्या वाटीकडे पाहिलं, मग पितळी डबीकडे.

"आज डबी उघारलीच नाय गो तू," ती म्हणाली.

बाईंनी मला उठवलं, स्वतः बसल्या आणि शंभरच्या शंभर वाल पुन्हा मोजले. डबी बंदच राहिली.